शाळेसमोरच्या घरातली साक्ष

बाई, परवा तुमची तेरवी झाली. दोन्ही पॅनेलची माणसं जेवायला आली होती. निवडणुकीनंतर आपल्या दारावरून जाताना जी मान वळवून जायची, तीही मठ्ठा मागून मागून जेवली. वाढताना मी एकेकाचं तोंड बघत होते. हा खरंच तुमच्यासाठी आला, की तुम्ही गेल्यावर या घरात कोण काय बोलतं ते ऐकायला आला? कोणाच्या पानात भात वाढताना मनात असं येऊ नये, हे मला कळतं. पण या काही महिन्यांत माझी नजरच तशी झाली आहे, आणि ती आधी तुमच्यावर पडली होती. म्हणून हे लिहायला बसले.

एकोणतीस वर्षं आपण दोघी जावा म्हणून एका घरात राहिलो. भाऊजी गेल्यावर खाली तुम्ही आणि तुमचा मंगेश, वर आम्ही. बेसा गावाच्या पलीकडची शेतं गेली, प्लॉटचे लेआउट पडले, गावात ओळखीच्या तोंडांपेक्षा अनोळखी जास्त झाली. तरी मतदान असलं की सगळं गाव समोरच्या शाळेत यायचं आणि तुम्ही वर येऊन आमच्या गॅलरीतून एकेकीला हाक मारायच्या. कोण सासरहून मुद्दाम आली, कोणाच्या म्हाताऱ्याला पाठीवर घेऊन आणलं, सगळं तुम्हाला वरून दिसायचं. शाळेसमोर घर असणं आपल्याला तेव्हा सोयीचंच वाटायचं.

या वेळी मात्र एका घरात दोन पॅनेल होते. आमचे हे, म्हणजे तुमचे दीर, शोभाताईंच्या बाजूने घरोघर फिरत होते आणि मंगेश दुसऱ्या पॅनेलच्या गाडीवर झेंडा लावून. सरपंचपदाला शोभाताई जिंकणार, असं गावात बहुतेक जण धरून चालले होते. काका-पुतणे सकाळी एकाच नळावर तोंड धुवायचे आणि दिवसभर एकमेकांविरुद्ध घोषणा द्यायचे. तुम्ही हसायच्या. म्हणायच्या, "हे चार दिवसाचं हाय वं सुनंदा. पाचव्या दिवशी संगं बसून जेवतीन."

मतदान संपलं त्या संध्याकाळी आपण गॅलरीत तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. यंत्रं घेऊन कर्मचाऱ्यांची बस गेली, मागोमाग पोलीस गेले, शाळेचं फाटक लोटलेलं होतं. उजेड अजून चांगला होता. तेवढ्यात एक पांढरी जीप आली. दोघं उतरले, शाळेच्या कडेच्या खोलीत गेले आणि करड्या रंगाची एक पेटी दोघांनी धरून बाहेर आणली. जीपमध्ये ठेवली आणि निघून गेले. सगळं मिळून पाच मिनिटं.

"ते काय नेलं जी त्यायनं?" मी विचारलं.

"जेवणाचे डबे असतीन."

"डब्यासाठी पडदे लावलेली जीप कायले लागते?"

"मले काय माहीत? तू शेंगा सोल."

पण तुमचा हात थांबला होता. मी पाहिलं. त्या दोघांतल्या एकाला तुम्ही ओळखलं, असं मला तेव्हाच वाटलं, आणि तुम्ही ते मला सांगितलं नाही. माझ्या मनात तुमच्याविषयीचा पहिला संशय त्या वेळी शिरला. मी जेवताना ह्यांना सगळं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. शोभाताई इतक्या थोड्या मतांनी पडल्या, की मतदानाला न गेलेल्यांची नावं लोक बोटांवर मोजू लागले. दुपारपर्यंत गावभर एकच बोलणं, की शाळेत एक पेटी मागे राहिली होती आणि ती नंतर कोणीतरी नेली. कोणी म्हणे एक, कोणी म्हणे तीन. ही गोष्ट कोणाच्या चुलीपासून निघाली ते फक्त मला आणि ह्यांना माहीत होतं. कदाचित तुम्हालाही. तुम्ही दुपारी वर आल्या, माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाल्या, "बातमी लवकर पोचली." मी कणीक मळत राहिले.

पुढचे तीन दिवस मी घराबाहेर पडले नाही. फाटकासमोर शोभाताईंची माणसं बसलेली, रस्त्याच्या पलीकडे जिंकलेल्यांची, मध्ये पोलीस. पहिल्या दिवशी घोषणा होत्या. दुसऱ्या दिवशी टायर जळले आणि त्याचा काळा धूर आपल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसला. फोनवर मिनिटामिनिटाला नवीन काहीतरी यायचं. एका व्हिडिओत तर आपलीच गॅलरी होती, दोरीवरची तुमची जांभळी साडीही स्पष्ट दिसत होती. तो कोणत्या खिडकीतून काढला असेल, याचा अंदाज घेत मी पडद्याआडून समोरचं एकेक घर बघत बसायचे. ज्या बायकांशी मी इतकी वर्षं विरजणाची आणि कढीपत्त्याची देवघेव केली, त्यांच्या खिडक्यांकडे.

तुम्ही तसं काही केलं नाही. तुम्ही पितळेचा गंज भरून पाणी घेऊन खाली गेल्या आणि उन्हात उभ्या असलेल्या दोन महिला पोलिसांना ओसरीत बसवलं. मग त्याच गंजातलं पाणी शोभाताईंच्या माणसांना दिलं आणि रस्ता ओलांडून पलीकडच्यांनाही. मी वरून बघत होते. खोटं कशाला लिहू, तेव्हा माझ्या मनात आलं, की बाई दोन्हीकडे पाय ठेवून उभ्या आहेत.

त्याच दुपारी खालच्या खिडकीची काच फोडून एक दगड तुमच्या खाटेवर पडला. तुम्ही तो उचलला, दार उघडलं आणि रस्त्यावर नेऊन ठेवला. "त्यायचाच हाय, त्यायले लागंल," एवढंच म्हणालात. मग तुम्ही काचा वेचू लागल्या आणि मी झाडू घेऊन आले. त्या दिवसांत आपण दोघी एकमेकींच्या जवळ होतो, असं आठवावं लागलं तर मला तेवढंच आठवतं.

तिसऱ्या दिवशी शोभाताई स्वतः आल्या. सोबत सहा-सात जण. जिना चढून थेट आपल्या गॅलरीत. तुम्ही तिथे पाटावर बसल्या होत्या. जिन्याच्या पायथ्याशी मंगेश आणि त्याचे दोन दोस्त येऊन उभे राहिले. नुसते वर बघत राहिले.

शोभाताई मला म्हणाल्या, "सुनंदाताई, तुमी इथूनच पाह्यलं म्हणतेत. आमच्यासाठी नाही, गावासाठी सांगा. पेटी नेतानी पाह्यली का तुमी?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. तिथे ते तिघं उभे होते, त्यांतला एक फोन वर धरून. मी म्हणाले, "नाही. मी तेव्हा आत स्वयंपाकघरात होते. मी काही पाहिलं नाही."

ह्यांचा चेहरा पडला. शोभाताई तुमच्याकडे वळल्या. "वहिनी, तुमी?"

तुम्ही आधी जिन्याखाली पाहिलं. मग म्हणालात, "इथं नाही सांगत. इतक्या लोकाईत नाही."

लोक कुरकुरत उतरले. संध्याकाळी बाहेरून आणखी पोलीस आले, जमावबंदी लागली, फाटकासमोरची गर्दी पांगवली. शोभाताईंनी कोर्टात जायचं ठरवलं. रस्ता मोकळा झाला आणि आपलं भांडण सुरू झालं.

मी खाली तुमच्या स्वयंपाकघरात आले आणि दारातच म्हणाले, "मंगेशसाठी तुम्ही गप्प राहिल्या."

तुम्ही भाकर थापत होत्या. वर न बघता विचारलं, "आन तू कोणासाठी खोटी बोलली?"

"मले भेव वाटला."

"मंग मले काय वाटत असंल?"

"तुम्ही ओळखलं होतं त्याले. माझ्यापासूनही लपवलं."

"होय, ओळखलं होतं," तुम्ही म्हणालात. "आन तू वर जाऊन काय केलं? रातचं जेवण होईस्तोवर तरी थांबली का?"

भाकर तव्यावर करपली. तुम्ही ती उलटली नाही, मी दाराबाहेर आले. ते भांडण तिथेच राहिलं.

मग आपण कामापुरतं बोलू लागलो. पाणी आलं, गॅस संपला, एवढंच. मी वर, तुम्ही खाली, आणि मी मात्र तुमच्यावर पाळत ठेवल्यासारखी. मंगेश तुमच्याशी दार लोटून बोलतो, हे मी पाहिलं. एकदा तुमचा आवाज चढलेला ऐकला, शब्द कळले नाहीत. मी जिन्यावर थांबून ऐकत होते, बाई. सून म्हणून या घरात आल्यापासून मी असं कधी केलं नव्हतं.

एके दिवशी तुम्ही चांगली साडी नेसून ऑटोने बाहेर गेल्या. विचारलं तर म्हणालात, "दवाखान्यात." परत आल्या तेव्हा हातात औषधाची पिशवी नव्हती. आठवड्याने पुन्हा तेच. त्या वेळी कुलूप काढताना तुम्ही हातातली पिशवी पायरीवर ठेवली, मी ती उचलून दिली, आणि आतल्या कागदावरचा गोल शिक्का मला दिसला. सरकारी शिक्का. तुम्ही पिशवी पटकन घेतली.

मी वर जाऊन ह्यांना सांगितलं, "मंगेशचं काम होऊन राहिलं. ग्रामपंचायतीत नोकरीले चिकटवतेत त्याले. बाई गप्प राहिल्या त्याचं बक्षीस हाय ते."

हे म्हणाले, "वहिनी तशी नाही."

"माणूस पोटच्या पोरासाठी तसा होते," मी म्हणाले. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं, हेही लिहून ठेवते.

ऊन तापायला लागलं होतं. जायच्या दोन दिवस आधी तुम्ही जिन्याच्या पायथ्याशी उभं राहून हाक मारली. "सुनंदा, घरी हायस का वं?" मी घरीच होते. वाटाण्याच्या डब्यात हात तसाच ठेवून उभी राहिले. मला वाटलं, आता मंगेशची बातमी सांगतील, मला हसून दाखवावं लागेल. तुम्ही आणखी एकदा हाक मारली. मग तुमच्या चपलांचा आवाज आत गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही नळापाशी बसल्या आणि छातीत जड वाटतं म्हणालात. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. गाडीत तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी सारखी "बाई, बाई" म्हणत होते आणि आता तुम्ही उत्तर देत नव्हत्या.

तेरवी झाल्यावर, पाहुणे गेल्यावर, मंगेश वर आला. त्याच्या हातात पिवळा लिफाफा होता. तो माझ्यासमोर ठेवून उभा राहिला.

"आईनं सांगतलं होतं, काकूले दे म्हणून."

"काय आहे?"

"वाचा तुमी."

मी लिफाफ्याला हात लावला नाही. हा पोरगा जिंकलेल्यांच्या गाडीवर उभा राहून फिरला होता, माझ्या जिन्याखाली दोस्त घेऊन उभा होता. कोर्टात तारखा लागल्या होत्या. अशा वेळी हा मला कागद आणून देतो, तर कोणाच्या सांगण्यावरून? मी तसं विचारलंही. तो खुर्चीवर बसला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "तुमाले वाटते ते बराबर हाय काकू. मी असतो तुमच्या जागी, तर मीबी घेतला नसता."

मग मी लिफाफा उघडला.

निवडणूक अधिकाऱ्यांना दिलेला अर्ज होता, त्याची पोच घेतलेली प्रत. टाइप केलेला नाही. तुमचं सातवीपर्यंतचं, मोठमोठ्या अक्षरांचं लिहिणं, ओळ उजवीकडे वर चढत जाणारं. दुसऱ्याकडून लिहून घेतलं असतं तर आणखी एकाला कळलं असतं, म्हणून स्वतः लिहिलं असणार. त्यात जीप होती, पेटी होती, वेळ होती. पेटीत काय होतं ते मला माहीत नाही, असं सरळ लिहिलं होतं. आणि दोघांपैकी एकाला मी ओळखते, तो माझ्या मुलाचा मित्र आहे, असं लिहून पुढे त्याचं नाव. मंगेश म्हणाला, हा तोच दोस्त, जो जिन्याखाली फोन धरून उभा होता.

"तुले माहीत होतं?" मी विचारलं.

"आईनं देण्याआधी सांगतलं. लय बोललो मी तिले. दोस्त तोडतीन, गावात राहू देनार नाहीत, म्हटलं. तं म्हणे, तुले जे लागंल ते मी भोगीन, पन मी डोयानं पाह्यलं ते पाह्यलं." मग म्हणाला, "तोडलंच त्यायनं. मी दोन महिने झाले कोणासंगं नाही. तुमाले कोणी सांगतलं नाही का?"

मला कोणी सांगितलं नव्हतं. मी तर त्याला ग्रामपंचायतीत चिकटवून बसले होते.

खाली एक ओळ राहिली होती. ती मी नंतर वाचली, मंगेश गेल्यावर. तुम्ही लिहिलं होतं, "हे मी एकटीनंच पाहिलं. माझी धाकटी जाऊ सुनंदा तेव्हा आत स्वयंपाकघरात होती. तिला यातलं काही माहीत नाही. तिला बोलावू नये."

बाई, सगळ्या कागदात खोटं एवढंच होतं.

लग्नाच्या पहिल्या वर्षी मी लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घातला होता आणि अख्खी बरणी नासली होती. सासूबाई विचारायला आल्या तेव्हा माझ्या तोंडातून शब्द निघायच्या आत तुम्ही म्हणालात, "मीच घातला." वर्षभर तुम्हाला त्यावरून ऐकावं लागलं. तुम्ही एकदाही मला त्याची आठवण करून दिली नाही. पण ते लोणचं होतं. हा कागद मंगेश म्हणाला तसा आता कोर्टात लागलेला आहे.

मला दोन दिवस काही सुचलं नाही. पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करते. बाईंनी मला वाचवून ठेवलं आहे, आता मला कोणी बोलावणार नाही, असं. मग त्याचीच लाज वाटली. मग तुमचा रागही आला. मी भित्री आहे हे तुम्ही इतकं पक्कं धरून चालल्या होत्या का, की मला विचारलंसुद्धा नाही? नंतर आठवलं, तुम्ही विचारायला आल्या होत्या बहुतेक. दोनदा हाक मारली होती. खरंच त्यासाठीच आल्या होत्या का, की साखर मागायला, हे मला आता कधीच कळणार नाही.

मी ह्यांना म्हणाले, मी वकिलाकडे जाते. हे म्हणाले, "आता कायले? शोभाताईच्या घरचे समझोत्याचं बोलून राहिले, असं ऐकतो." कोणाकडून ऐकलं विचारलं, तर सांगता आलं नाही. या गावात आता बातमीला बाप नसतो. मी शोभाताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, समझोता-बिमझोता काही नाही, तुम्ही या. त्यांच्या आवाजावर विश्वास ठेवावा की नाही, हेही मला ठरवता आलं नाही. पण जायचं ठरलं होतं ते शोभाताईंसाठी नव्हतंच.

आज सकाळी मंगेशने मला गाडीवर बसवून शहरात नेलं. शोभाताईंचा वकील तरुण होता, सभ्य होता. मी सगळं सांगितलं. गॅलरी, शेंगा, जीप, पेटी. मी शोभाताईंना काय म्हणाले तेही. त्याने तुमचा कागद पुढे घेतला आणि त्या शेवटच्या ओळीवर पेन ठेवलं.

"ताई, अडचण इथं आहे. तुम्ही गॅलरीत होत्या असं आता म्हणाल, तर या कागदातली एक गोष्ट खोटी ठरते. समोरचा वकील हेच धरून बसेल. म्हणेल, म्हातारी एका ठिकाणी खोटं लिहिते तर बाकीचंही खोटंच. आणि त्या तर आता उत्तर द्यायला नाहीत. तुम्ही गप्प राहिल्या तर कागद निदान जसा आहे तसा राहतो. विचार करा."

पंखा फिरत होता. मंगेश दाराशी उभा होता, आत आला नव्हता. मला एक क्षण वाटलं, हाही वकील आतून दुसऱ्या कोणाचा तरी आहे. मग वाटलं, असू दे.

"लिहा," मी म्हणाले. "मी तिथंच होते. दोघींनी पाहिलं."

त्याने लिहून घेतलं. मग मान वर करून विचारलं, "कोर्टात पहिला प्रश्न हाच येईल, ताई. तुम्ही बाहेर होत्या, तर त्यांनी तुम्ही आत होत्या असं का लिहिलं?"

"कारण मी तसं सगळ्यांसमोर सांगितलं होतं," मी म्हणाले. "मी खोटी पडू नये म्हणून त्या खोट्या झाल्या. तेही लिहा."

त्याने तेही लिहिलं. वाचून दाखवलं. मी सही केली.